टांकसाळीची चूक की नंतरची इजा? नाणं हातात आल्यावर काय काय पाहायचं

पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मी 2 रुपयांचं एक नाणं 400 रुपयांना घेतलं. त्याच्या एका बाजूवर 2 चा ठसठशीत आकडा होता आणि त्या आकड्याच्या अंगावरच, आत दबलेली आणि आरशात दिसावीत तशी उलटी, "भारत" ही अक्षरं. "मिसप्रिंट आहे दादा, टांकसाळीतूनच असं निघालंय," विकणारे काका म्हणाले. त्यांनाही तसंच वाटत असावं. घरी येऊन खिडकीच्या उजेडात भिंग लावलं तेव्हा दिसलं, की "भारत" जिथे दबलंय तिथे खालचा आकडा बसका झालाय, आणि नाणं उलटलं की बरोबर त्याच जागी पाठीमागचे सिंहही चेपलेत. कुणीतरी दोन चांगली नाणी एकमेकांवर ठेवून वर्कशॉपमधल्या व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू आवळून धरणाऱ्या शिकंजात, दाबली होती.

ते नाणं मी अजून जपून ठेवलंय. एरर कॉइन, म्हणजे टांकसाळीतच चूक झालेली नाणी, जमवायला नवीन लागलेलं कुणी घरी आलं की आधी हेच त्याच्या तळहातावर ठेवतो. कारण त्या नाण्याने मला एक प्रश्न विचारायला शिकवलं: इथला धातू गेला कुठे? टांकसाळीत चूक झाली असेल तर धातू ठशाच्या, म्हणजे नाण्यावर चित्र उमटवणाऱ्या साच्याच्या, खोबणीत शिरलेला असतो, किंवा मुळात तिथे आलेलाच नसतो. बाहेर इजा झाली असेल तर तो ढकललेला, खरवडलेला किंवा चेपलेला असतो. पुढे जे काही सांगतोय ते सगळं या एका प्रश्नाचं उत्तर कसं काढायचं याबद्दल आहे.

आधी टांकसाळीत काय घडतं ते

ही माहिती वगळून थेट "एरर"च्या यादीकडे जाऊ नका. नाणं कसं तयार होतं हे डोळ्यांसमोर असेल तर निम्मी फसवणूक तिथेच थांबते.

आपल्याकडे सरकारी टांकसाळी चार: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. सालाच्या खाली बारीक चौकट, म्हणजे पत्त्यातल्या चौकटसारखी खूण असेल तर नाणं मुंबईचं. चांदणी असेल तर हैदराबादचं, गोल ठिपका असेल तर नोएडाचं, आणि काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. मुंबई आणि हैदराबादने काही वर्षं वेगळ्या खुणाही वापरल्या आहेत, पण रोजच्या सुट्ट्या पैशांत या चार ओळखता आल्या तरी पुरे.

धातूचा लांब पट्टा येतो, त्यातून गोल चकत्या कापल्या जातात. चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन चकचकीत करतात. मग एका यंत्रात त्यांची कड चहूबाजूंनी दाबून किंचित वर उचलतात. ही झाली कोरी चकती. ती छापण्याच्या यंत्रात कॉलर नावाच्या कड्यात बसते. वर एक ठसा, खाली एक ठसा. ठोका पडतो, धातू क्षणभर लोण्यासारखा वाहतो, ठशाच्या खोबणीत चढतो आणि बाजूने कॉलरला जाऊन भिडतो. नाण्याच्या कडेवरचे दाते कॉलरमुळे येतात. छाप, काटा आणि कड या तिन्ही गोष्टी एकाच ठोक्यात जन्माला येतात. हे वाक्य मनात पक्कं ठेवा, 10 रुपयांच्या नाण्यापाशी आलो की ते फार उपयोगी पडणार आहे.

ठशावरचं चित्र उलटं असतं आणि खोदलेलं असतं. त्यामुळे ठशाला जे काही होतं ते नाण्यावर उलट्या रूपात उमटतं. ठशाला तडा गेला तर त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उठलेली रेघ येते. ठशाचा कडेचा तुकडाच उडाला तर नाण्याच्या कडेला चिकटून धातूचा फुगवटा येतो. ठशावर ओरखडा असेल तर नाण्यावर बारीक उठावदार रेघ. खोबणीत वंगण आणि धूळ साचली तर धातू तिथे चढूच शकत नाही, म्हणून अक्षर पुसट येतं किंवा येतच नाही. म्हणजे ठशातला दोष नाण्यावर खड्डा पाडत नाही. तो एक तर उंचवटा देतो, नाही तर उणीव ठेवतो. नाण्यावर खड्डा किंवा खोल चर दिसली की संशयाची सुई आधी बाहेरच्या इजेकडेच वळायला हवी.

हाताशी काय हवं

दहापट मोठं दाखवणारं सराफी भिंग, दशांशानंतर दोन आकडे दाखवणारा छोटा वजनकाटा, व्यास मोजायला एक व्हर्नियर आणि एक साधं चुंबक. चार गोष्टी आणून ठेवल्या की झालं. पाचवी गोष्ट फुकट मिळते आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची: त्याच किमतीचं, त्याच सालाचं, शक्यतो त्याच टांकसाळीचं एक धडधाकट नाणं. शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय कुठलाही निर्णय घेऊ नका.

नाणं कडेने धरा. मोबाइलचा दिवा वरून थेट मारू नका; टेबलदिवा बाजूला, जवळजवळ नाण्याच्या पातळीवर ठेवा आणि नाणं हळूहळू फिरवा. उजेड तिरका आला की उंचवट्याची सावली एका बाजूला पडते आणि खड्ड्याची दुसऱ्या बाजूला. नुसत्या फोटोवरून कितीतरी वेळा खड्डा उंचवटा वाटतो, म्हणून फोटो पाहून "एरर आहे" असं कुणी ठामपणे सांगत असेल तर मी सावध होतो.

आणि नाणं धुऊ नका, चिंच लावू नका, पितांबरी तर नकोच. घासलेल्या नाण्यावरून पुरावाच पुसला जातो.

पहिली पायरी: वजन, व्यास, चुंबक

काही वजनं पाठ होऊन जातात. 2011 च्या मालिकेतलं 2 रुपयांचं स्टीलचं नाणं 4.85 ग्रॅम आणि 25 मिलिमीटर. त्याच मालिकेतलं 1 रुपयाचं सुमारे 3.8 ग्रॅम आणि 22 मिलिमीटर. 1992 पासून आलेलं जाडजूड 5 रुपयांचं तांबे-निकेलचं नाणं 9 ग्रॅम, तर 2011 च्या मालिकेतलं पितळी रंगाचं 6 ग्रॅम; व्यास दोन्हींचा 23 मिलिमीटर. 10 रुपयांचं दोन धातूंचं नाणं सुमारे 7.7 ग्रॅम आणि 27 मिलिमीटर. 2019 मध्ये अधिसूचित झालेलं बारा बाजूंचं 20 रुपयांचं 8.54 ग्रॅम.

आता विचार असा करायचा. ठोका वेडावाकडा पडला, बाजूला पडला, दोनदा पडला, तरी चकती तीच असते, म्हणून वजन बदलत नाही. चकतीच कमी कापली गेली असेल तर वजन कमी भरेल, पण त्या प्रमाणात नाण्याचा तुकडाही गायब दिसायला हवा. नाणं पूर्ण गोल आहे, तुकडा गेलेला नाही आणि वजन मात्र चांगलंच कमी भरतंय, असं असेल तर आम्लात बुडवलेलं किंवा घासून पातळ केलेलं असण्याचीच शक्यता जास्त. आम्लातल्या नाण्याची अक्षरं सगळीकडून सारखी रोडावतात, कड कागदासारखी होते आणि पृष्ठभाग बारीक चाळणीसारखा खरखरीत लागतो.

चुंबकाचा उपयोग चुकीच्या धातूवर छापलेलं नाणं ओळखायला होतो. स्टीलची नाणी चुंबकाला झटकन चिकटतात, तांबे-निकेलची आणि पितळी नाही. 2011 च्या मालिकेतल्या 10 रुपयांच्या नाण्याचा फक्त मधला भाग चिकटतो. पण उतावळेपणा नको: 5 रुपयांचं नाणं चुंबकाला चिकटलं म्हणून लगेच एरर समजू नका, कारण 2007 पासून काही काळ 5 रुपयांचं नाणं स्टीलचंही निघालं होतं. साल वाचा, मग बोला.

दुसरी पायरी: कड

नवशिके छाप-काटा पाहतात आणि कड विसरतात. माझा अनुभव उलटा आहे, कड बहुतेक वेळा खरं सांगून जाते.

कॉलर जागेवर नसताना ठोका पडला तर धातू बाहेर पसरतो, नाणं रुंद होतं आणि कड गुळगुळीत राहते. व्यास मोजा, तो नेहमीपेक्षा जास्त भरला पाहिजे. दाते नसलेलं पण व्यास नेहमीएवढाच किंवा कमी असलेलं नाणं म्हणजे बहुधा कानसीने घासलेली कड. कानस मारली असेल तर भिंगाखाली एकाच दिशेच्या बारीक समांतर रेघा दिसतात.

कॉलर अर्धवटच वर आली असेल तर कडेच्या खालच्या भागावर दाते आणि वरचा भाग पसरलेला, अशी एक पायरी चहूकडे दिसते. ही पायरी बाहेर हातोडी मारून आणणं फार कठीण. कडेवर फक्त एका जागी चेप आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना धातू फुगून वर आलाय, असं दिसलं तर ते नाणं कुठेतरी आपटलेलं आहे.

लक्ष्मीपूजनाच्या डब्यातले चांदीचे रुपये असतील तर कड आणखी बारकाईने पाहा. ब्रिटिश काळातल्या रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम. कितीतरी रुपये कडी लावून गळ्यात घातले गेले आणि पुढे कडी काढून टाकली गेली. कडेच्या एखाद्या बोटभर भागातले दाते गुळगुळीत असतील आणि तिथे डाक (सोल्डर) लावल्यासारखी वेगळ्या रंगाची छटा असेल तर ती कडीची जागा. टांकसाळीने दाते द्यायचे राहून गेले, असं त्याला म्हणता येत नाही.

तिसरी पायरी: उंच की खोल, आणि शेजारचा धातू कसा आहे

जिथे काहीतरी वेगळं दिसतंय तिथे भिंग स्थिर करा. रेघ उठलेली आहे का? ती अक्षरांवरून, रिकाम्या जागेवरून, सगळीकडून सलग जातेय का? मग तो ठशाचा तडा असण्याची दाट शक्यता. रेघ खोल आहे आणि तिच्या दोन्ही काठांवर नांगरलेल्या सरीसारखा धातू उठलाय? मग तो ओरखडा. खिळ्याने, सुरीने किंवा नाणी मोजायच्या यंत्राने पडलेला.

एक अपवाद आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. ठोका पडताना चकती आणि ठसा यांच्यामध्ये तार, धागा किंवा धातूचा कीस अडकला तर नाण्यावर खरोखरच खोलगट खूण राहते. मग ओरखड्यात आणि हिच्यात फरक काय? अडकलेल्या वस्तूच्या खुणेचा तळ सौम्य असतो, काठांवर धातू उठलेला नसतो, आणि शेजारची अक्षरं खुणेपाशी येऊन शांतपणे थांबतात. ती वाकत नाहीत, ढकलली जात नाहीत. धागा अडकला असेल तर त्याचा पीळसुद्धा कधी कधी दिसतो. भारतीय नाण्यांत मला सगळ्यात सुंदर वाटणाऱ्या चुकांपैकी ही एक आहे.

गायब अक्षरांचंही तसंच. सिंहांच्या खाली "सत्यमेव जयते" ही बारीक अक्षरं असतात. खोबण इतकी अरुंद की वंगण साचायला वेळ लागत नाही, म्हणून ही अक्षरं पुसट किंवा अर्धी आलेली नाणी सापडतात. खरी असतील तर आजूबाजूचे सिंह, साल, "भारत" हे सगळं तेज असतं आणि अक्षरांची जागा आसपासच्या पृष्ठभागाइतकीच चमकते. घासून काढली असतील तर ती जागा किंचित खोलगट, निस्तेज आणि रेघांची. टांकसाळीची खूण खरवडून "बिनखुणेचं" नाणं करतात तेव्हाही हीच परीक्षा. सालाखालचा भाग तिरक्या उजेडात धरा. चौकट उडवलेली असेल तर तिथे उजेड वेगळा परततो.

आता काही ठरलेल्या जागा, जिथे माणसं फसतात

उलटी, दबलेली छाप. सुरुवातीचं माझं नाणं याच जातीचं. खऱ्या चुकीला ब्रॉकेज म्हणतात आणि ती अशी घडते: छापलेलं नाणं एका ठशाला चिकटून राहतं, बाहेर पडत नाही. पुढची कोरी चकती येते. तिला एका बाजूने खरा ठसा लागतो आणि दुसऱ्या बाजूने ते चिकटलेलं नाणं. म्हणून ब्रॉकेजच्या एका बाजूला सिंह उठलेले आणि सरळ असतील तर दुसऱ्या बाजूलाही सिंहच असतात, फक्त दबलेले आणि उलटे. किमतीच्या आकड्याची बाजू पूर्ण गायब. नाण्यावर छापही नीट आहे, काटाही नीट आहे आणि त्यावर आणखी उलटी अक्षरं दबलेली आहेत, तर ते ब्रॉकेज होऊच शकत नाही. ते व्हाइसमध्ये किंवा हातोडीखाली घडलेलं आहे. हा एक नियम लक्षात ठेवला असता तर माझे 400 रुपये त्या रविवारी खिशातच राहिले असते.

यात एक बारकावा आहे. चकती न येताच दोन ठसे एकमेकांवर आदळले तर दोन्हींवर एकमेकांचे ठसे उमटतात आणि पुढच्या नाण्यांवर दुसऱ्या बाजूच्या चित्राची भुताटकीसारखी उलटी छटा येते. पण ती दबलेली नसते, अगदी हलकी उठलेली असते, रिकाम्या जागेतच दिसते, आणि तिच्यामुळे मूळ चित्र कुठेही चेपलेलं नसतं.

10 रुपयांचं नाणं. यावर सगळ्यात जास्त खेळ होतो, म्हणून इथे जरा थांबू. बाहेरचं कडं आणि मधली चकती ही दोन वेगळी असतात. ती यंत्रात एकात एक बसतात, आणि छापणाऱ्या ठोक्यानेच मधला धातू पसरून कड्यात घट्ट रुतून बसतो. जोडणी आणि छपाई एकदमच. आता मघाचं वाक्य आठवा. मधले सिंह तिरपे आणि कड्यावरचं "भारत" सरळ, असं नाणं कुणी "एरर" म्हणून दाखवलं तर काय म्हणाल? एकाच ठशाने एकाच ठोक्यात दोन्ही छापलेत, मग एकमेकांच्या तुलनेत ते फिरतील कसे? म्हणजे मधला भाग नंतर सैल करून फिरवलाय आणि परत ठोकलाय. सांध्याजवळ पाहा, पक्कडीचे किंवा हातोडीचे वळ बहुतेक सापडतातच.

मधली चकती एका बाजूला सरकून बसलेली असेल आणि चित्र मात्र कड्यावरून चकतीवर न तुटता गेलं असेल, तर ते खरं. कारण चकती सरकली ती ठोक्याच्या आधी.

मध्ये नुसतं भोक असलेलं कडं असेल तर भोकाची आतली बाजू पाहा. चकती नसताना ठोका पडला असेल तर धातूला आत पसरायला मोकळी जागा मिळते. भोक थोडं लहान होतं, त्याचा काठ गोलसर आणि ओबडधोबड होतो, अक्षरं त्या काठाकडे ओढल्यासारखी दिसतात. मधला भाग नंतर ठोकून काढला असेल तर भोक नेमकं मापाचं, आत चकती रुतून बसल्याची खोबण आणि चित्र कात्रीने कापावं तसं काठाशी तुटलेलं. चांगलं नाणं शेजारी ठेवून भोक मोजा, लगेच कळतं.

जाता जाता: 10 रुपयांच्या नाण्याच्या वेगवेगळ्या रचना म्हणजे एररही नव्हे आणि खोटी नाणीही नव्हेत. ₹ चिन्ह असलेलं आणि नसलेलं, रेषा कमी-जास्त असलेलं, यावरून दुकानात भांडणं व्हायची. रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये स्पष्ट केलं होतं की तोवर 14 रचनांत ही नाणी निघाली आहेत आणि सगळी चलनात आहेत.

दुहेरी अक्षरं. इथे भिंगाशिवाय काहीच बोलू नये. ठसा घडवतानाच चित्र दोनदा उमटलं असेल तर नाण्यावर दोन्ही प्रतिमा गोलसर, पूर्ण उंचीच्या असतात, अक्षर जाड होतं आणि त्याची टोकं दुभंगतात. "भारत"वर पाहायचं असेल तर शिरोरेषेचं टोक आणि "त"चं वळण पाहा. टोकाशी खाच दिसली पाहिजे. अमेरिकेचा 1955 चा दुहेरी ठशाचा सेंट यासाठीच जगभर ओळखला जातो. पण आपल्या सुट्ट्या पैशांत दिसणारी दुहेरी अक्षरं बहुतांशी वेगळ्या कारणाने येतात: ठोका पडल्यावर सैल ठसा किंचित हलतो आणि अक्षराची कड घासून एक चपटी पायरी तयार करतो. इथे अक्षर जाड होत नाही, उलट बारीक होतं. हेही टांकसाळीतच घडतं, नंतरची इजा नाही. तरी जाणकार त्याला जादा पैसे देत नाहीत, आणि मीही देत नाही.

चंद्रकोरीसारखा कापलेला तुकडा. पट्ट्यातून चकत्या कापताना आधीच्या भोकावर पात्याचा काठ आला की चकतीला असा घास लागतो. खऱ्या घासाच्या बरोबर समोरच्या बाजूला, म्हणजे नाण्याच्या पलीकडच्या कडेला, कड दबकी किंवा अक्षरं अशक्त दिसतात. कारण कड उचलणाऱ्या यंत्रात घासाच्या जागी आधारच नसतो, मग समोर दाब लागत नाही. शिवाय घासाजवळची अक्षरं ताणल्यासारखी पुसट होत जातात. नंतर कापलेल्या नाण्यात समोरची कड भक्कम आणि अक्षरं काठाशी लख्ख तुटलेली. समोरची कड पाहण्याची ही युक्ती कळली तेव्हा मला शाळेत पहिलं गणित सुटल्यासारखा आनंद झाला होता.

बाजूला सरकलेला ठोका. हा सगळ्यांना आवडतो आणि खोटा करायला अवघड आहे. चित्राचा भाग नाण्याबाहेर गेलेला, उरलेली जागा कोरी, नाणं जरा लंबगोल, कोऱ्या भागाची कड चकतीला असते तशी मऊ. वजन मात्र पूर्ण. कोऱ्या भागात भिंगाखाली पुसलेल्या अक्षरांच्या सावल्या दिसल्या तर ते घासलेलं आहे.

रंग. सोनेरी 1 रुपया, तांबूस 2 रुपये, काळा 5 रुपये. यातले बहुतेक मुलाम्याचे, धुराचे किंवा रसायनाचे असतात. मुलामा दिलेल्या नाण्याची अक्षरं साय धरल्यासारखी मऊ दिसतात, आणि कडेवर घासलेल्या जागी आतला मूळ रंग डोकावतो. वजन आणि चुंबक दोन्ही नेहमीसारखेच आले तर प्रकरण संपलं.

दोन्हीकडे छाप असलेलं नाणं. दोन नाणी पोखरून एकात एक बसवलेली असतात. कडेच्या अगदी आत, वर्तुळाभोवती केसासारखी सांध्याची रेघ शोधा. फरशीवर हलकेच टाकलं तर खणखणीत वाजत नाही.

रुळावर चपटी केलेली नाणी लहानपणी पाहिलेली असतील. लंबगोल, पत्र्यासारखी पातळ, अक्षरं ताणून लांबलेली. अशीही कधी कधी "डबल साइज एरर" म्हणून विकायला येतात.

फिरलेला ठसा

हा प्रकार घरबसल्या तपासता येतो आणि यात फसवणूक जवळजवळ होत नाही, कारण एका धातूचं नाणं बाहेर कुणी फिरवू शकत नाही. आपल्या नाण्याची एक बाजू सरळ धरा आणि पुस्तकाचं पान उलटावं तसं नाणं उलटा. दुसरी बाजूही सरळ दिसली पाहिजे. ती तिरकी किंवा उलटी आली तर ठसा यंत्रात फिरलेला होता. चार-पाच अंशांचा फरक सर्रास असतो, त्याला किंमत नाही. अमेरिकेतले आपले लोक तिकडची नाणी तपासत असतील तर त्यांनी नाणं वरून खाली उलटावं. तिथे दोन्ही बाजू एकमेकींच्या उलट ठेवण्याची पद्धत आहे, ती चूक नाही.

नदीतली नाणी

नाशिकला रामकुंडावर किंवा पंढरपूरला चंद्रभागेत दोरीला चुंबक बांधून नाणी काढणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. त्या नाण्यांना मी हात लावतो तो वेगळ्या भावनेने, कुणीतरी हात जोडून सोडलेली असतात ती. पण एरर म्हणून ती घेऊ नका. वाळूने घासून अक्षरं बोथट होतात, पाण्याने आणि चिखलाने पृष्ठभाग खाल्ला जातो, आणि कधी धातूचा पापुद्रा सुटल्यासारखा दिसतो. टांकसाळीतला खरा पापुद्रा पट्ट्यातल्या दोषामुळे सुटतो, त्याला दिशा असते, आणि बाकीचं नाणं निरोगी असतं. गंजाचं खाणं सगळीकडे ठिपक्याठिपक्याने पसरलेलं असतं.

शिवराई आणि सराफांच्या खुणा

इथे मात्र वरचे बरेच नियम बाजूला ठेवावे लागतात. शिवराई हाताने पाडलेलं नाणं. एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसरीकडे "छत्रपति". ठसा बहुधा तांब्याच्या तुकड्याहून मोठा, त्यामुळे सगळी अक्षरं एका नाण्यावर येणं हेच नवल. छाप सरकलेली, दोनदा पडलेली, तुकडा वेडावाकडा: हे त्या काळच्या पद्धतीचंच रूप आहे. "ऑफ-सेंटर एरर शिवराई" म्हणून कुणी चढी किंमत सांगितली तर नम्रपणे नाही म्हणा.

जुन्या चांदीच्या रुपयांवर बारीक फुल्या, ठिपके, चांदण्या ठोकलेल्या दिसतात. सराफ नाणं पारखायचे, चांदी खरी आहे याची खात्री झाली की आपली खूण ठोकायचे. तांत्रिक अर्थाने ही टांकसाळीनंतरचीच इजा आहे. पण एखाद्या पेढीवर, कुणाच्या तरी हातून हा रुपया तपासला गेला याचा तो पुरावा आहे, आणि मला तरी अशा रुपयाचं मोल कोऱ्या रुपयाहून कमी वाटत नाही. बाजार कमी देतो, हे खरं.

विकत घेताना

जाहिरातींत लाखांचे आकडे असतात. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं 2012 चं नाणं लाखोंना जातं, अशा चित्रफिती अजून फिरतात. ते नाणं एररही नाही आणि त्या अर्थाने दुर्मीळही नाही. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीरच केलं होतं की जुनी नाणी-नोटा खरेदी-विक्रीच्या कुठल्याही व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी कुणाकडून शुल्क किंवा कमिशन घेत नाही. तुमचं नाणं विकून देतो, आधी नोंदणीचे पैसे भरा, असा फोन आला तर ठेवून द्या.

विक्रेत्यासमोरच वजन करा. चांगला विक्रेता रागावत नाही, उलट काटा स्वतःच पुढे करतो. लांबून घेत असाल तर दोन्ही बाजूंचा आणि कडेचा, असे तीन फोटो मागा, आणि तिरक्या उजेडातले मागा. कडेचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली तर मी तो व्यवहार सोडून देतो. आणि कुणी "बनवून देतो" म्हणालं तर त्यात पडू नका. 2011 च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे.

शेवटची पायरी: लिहून ठेवणं

नाणं कागदाच्या छोट्या पाकिटात किंवा पुठ्ठ्याच्या चौकटीत ठेवा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटात तांबे-निकेलवर काही वर्षांनी हिरवट चिकट थर येतो. पाकिटावर वजन, व्यास, चुंबकाला चिकटलं की नाही, साल, टांकसाळ आणि तुमचा अंदाज लिहा. तारीखही लिहा, कारण अंदाज बदलतो.

माझ्याकडे एका पाकिटावर गेली कित्येक वर्षं नुसतं प्रश्नचिन्ह आहे. अकरा बाजूंचं 2 रुपयांचं तांबे-निकेलचं नाणं, वजन पुरतं 6 ग्रॅम. सालाच्या शेवटच्या आकड्यावर एक आडवी खोलगट खूण, तळ गुळगुळीत. डाव्या काठावर धातू उठलेला नाही. उजव्या काठावर, भिंग अगदी जवळ नेलं तर, केसभर उठल्यासारखा वाटतो. अडकलेली तार की कुणाच्या किल्लीचा घाव? दर दिवाळीच्या सुट्टीत ते बाहेर काढतो, दिवा बाजूला ठेवतो आणि पुन्हा डाव्या काठापासून सुरुवात करतो.